घोटलेला बटाटा आणि तांबडा भोपळा : एक पातेले, तीन वाट्या



गेल्या पावसाळ्यात मोडनिंबमधल्या एका घरी जाणे झाले. घरातल्या आजींना लकवा होऊन तीन आठवडे झाले होते. उजवा हात थोडा उचलू लागला होता, पण तोंडात मोजून चार दात आणि प्रत्येक घोटाला ठसका. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘मऊ आहार द्यावा’ एवढे तीन शब्द लिहून दिले होते. मऊ म्हणजे काय, किती, कसा भरवायचा, हे कोणी सांगितले नव्हते. घरच्यांनी आपल्या परीने अर्थ लावला : डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेली बिस्किटे. तीन आठवड्यांत आजींच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

त्याच घरात सात महिन्यांचा नातू. त्यालाही तेच डाळीचे पाणी. अंगणवाडीच्या कार्डावरची त्याच्या वजनाची रेघ दोन महिने आडवी पडली होती. आणि आजींचा मुलगा, चाळिशीतला, त्याची साखर वाढलेली. त्याला कोणीतरी ‘बटाटा बंद, भोपळा गोड असतो तोही बंद’ असे सांगितलेले. सून म्हणाली, “ताई, तिघांचं तीन तऱ्हेचं करतीया. चूल काय थंड होत न्हाई, अन् अंगाला कुणाच्याच लागंना.”

मी बसले होते त्या कॉटखाली दोन तांबडे भोपळे होते, बांधावरच्या वेलाचे. टोपलीत बटाटे होते. शेंगदाणे घरचे. कोंबड्या अंगणात. म्हणजे लागणारे सगळे सामान घरात होते, फक्त ते एका पातेल्यात आलेले नव्हते. या अंकातला धडा त्या पातेल्याचा आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला तांबडा किंवा लाल भोपळा म्हणतो त्याला कोणी डांगर म्हणते, कोणी काशीफळ, कोणी गंगाफळ. विदर्भातले पाहुणे त्यालाच कोहळे म्हणतात आणि मग बाजारात गोंधळ होतो, कारण आपल्याकडे कोहळा म्हणजे पांढरट राखी सालीचा, दारावर टांगतात तो. दुधी भोपळा आणखी वेगळा. या लेखात भोपळा म्हणजे आतून केशरी निघणारा तांबडा भोपळाच.

बटाटा आणि हा भोपळा दोघेही मूळचे आपले नव्हेत. दोघांचेही गाव समुद्रापलीकडचा अमेरिका खंड. बटाटा दक्षिणेकडच्या अँडीज डोंगरातला. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती पिके इकडे आली. ‘बटाटा’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, म्हणून उत्तरेत आलू आणि आपल्याकडे बटाटा. हे सांगायचे कारण एवढेच की ‘हे आपल्या बापजाद्यांचे अन्न नव्हे’ किंवा ‘हे आजाऱ्याला चालत नाही, परंपरा आहे’ असे म्हणणाऱ्याला विचारावे, कोणती परंपरा? तीन-चारशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाने बटाटा पाहिलाही नव्हता. बटाटा वातूळ, भोपळा थंड, ओल्या बाळंतिणीला दोन्ही वर्ज्य, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. काही ठिकाणी तर अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही, आधी पुरुषाने सुरी लावायची, अशीही रीत आहे. भोपळ्याला कोणाची सुरी लागली हे कळत नाही. जड असतो आणि साल टणक असते, म्हणून ज्याच्या मनगटात जोर आहे त्याने चिरावा, एवढेच त्यातले खरे.

आता या दोघांना एकत्र का घोटायचे?

बटाट्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे ताकद देणारा भाग. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून साधारण ७० ते ७५ कॅलरी मिळतात आणि त्यात १६-१७ ग्रॅम पिष्ट-साखर असते. भोपळा उलट : शंभर ग्रॅमात ९० ग्रॅमहून अधिक पाणीच, कॅलरी जेमतेम २५, पिष्ट-साखर सहा-सात ग्रॅम. पण त्याच्या केशरी रंगात बीटा-कॅरोटीन आहे, ज्याचे आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. बटाट्यात ते जवळजवळ नाहीच. गर जितका गडद केशरी तितके ते जास्त. फिकट पिवळ्या गराच्या भोपळ्यात कमी. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की दिवेलागणीनंतर दिसेनासे होते, डोळा कोरडा पडतो, आणि लहान मुलाला गोवर-जुलाब झाले तर ते त्यातून उठायला वेळ लागतो. आफ्रिकेत मोझांबिक आणि युगांडा या देशांत याच कारणासाठी पांढऱ्या रताळ्याच्या जागी केशरी गराचे रताळे लावण्याची मोठी मोहीम झाली. त्या कामातल्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तेच काम बांधावरचा भोपळा, शेवग्याचा पाला, पपई आणि गाजर करू शकतात, जर ते मुलाच्या तोंडापर्यंत गेले तर.

एक अट मात्र आहे. बीटा-कॅरोटीन तेला-तुपात विरघळते, पाण्यात नाही. नुसता उकडलेला भोपळा खाल्ला तर त्यातले बरेचसे जसे आले तसे निघून जाते. चमचाभर तेल किंवा तूप सोबत असले की ते अंगी लागते. म्हणून भोपळ्याच्या घोटलेल्या भाजीवरचे तेल ही चैन नाही.

दुसरे कारण स्वयंपाकातले आहे. नुसता बटाटा घोटला की चिकट होतो, टाळूला चिकटतो. दात नसलेल्या आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाला असा चिकट गोळा धोक्याचा. नुसता भोपळा घोटला तर तो पाणी सोडतो आणि पळीवर थांबत नाही. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले की बटाट्याचा चिकटपणा मोडतो आणि भोपळ्याचे पाणी बटाटा शोषून घेतो.

भोपळा निवडताना तो आकाराच्या मानाने जड हवा, देठ वाळलेला हवा, आणि नखाने साल टोचली तर नख आत जाऊ नये. असा भोपळा कोरड्या हवेशीर जागी दोन-तीन महिने राहतो. बाजारात फोड कापून घेत असाल तर गडद गराची, कडेला बुळबुळीत नसलेली घ्या, आणि माश्या बसलेल्या ढिगातली नको. घरी आणल्यावर चिरताना कच्च्या गराचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि तो भोपळा टाकून द्या. साखर-गूळ घालून खपवू नका. भोपळ्याच्या कुळात कधीकधी एक कडू विषारी द्रव्य तयार होते, ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. हा नियम दुधी, दोडका, काकडी, तांबडा भोपळा सगळ्यांनाच लागू.

बटाट्याचे विष वेगळ्या ठिकाणी असते. उजेडात पडलेला बटाटा हिरवट होतो, कोंब येतात. त्या हिरव्या भागात आणि कोंबांत सोलॅनिन असते. तेही उकळून जात नाही. थोडा हिरवा असेल तर जाड काढून टाका, बराच हिरवा असेल तर सगळाच टाका. लहान बाळाच्या आणि आजाऱ्याच्या वाटीत तर हिरवट बटाटा अजिबात नको. बटाटे अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात, गोणपाटाखाली ठेवावेत.

आता पाच-सहा माणसांच्या घरासाठी : अर्धा किलो बटाटे, अर्धा किलो भोपळा.

बटाटे धुऊन सालीसकट, अख्खे, थंड पाण्यात घाला आणि मग चूल पेटवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. उघड्या पातेल्यात मध्यम बटाट्याला वीस-पंचवीस मिनिटे, कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या. भोपळ्याच्या बिया आणि दोरे काढून, सालीसकट मोठ्या फोडी करा. भोपळा पाण्यात बुडवून उकडायचा नाही. कुकरच्या वरच्या डब्यात पाणी न घालता ठेवा, नाहीतर चाळणीत वाफवा. बुडवून उकडला की चव आणि सत्त्व दोन्ही पाण्यात जातात आणि घोटल्यावर लापशी होते. वाफवलेल्या फोडीचा गर चमचाभर ओढला की सालीपासून सुटतो.

बटाटे सोलून, भोपळ्याचा गर घेऊन, दोन्ही कोरड्या पातेल्यात घाला आणि मंद आचेवर दोन मिनिटे नुसते हलवा. जादा पाण्याची वाफ उडते. ही दोन मिनिटे बहुतेक जण वगळतात आणि मग ‘पातळच होतं’ म्हणतात.

घोटायचे गरम असतानाच. लाकडी रवी, वरणाचा घोटा किंवा जाड बुडाच्या वाटीचा तळ, काहीही चालेल. मिक्सर नको. बटाट्याच्या पेशींत पिष्टाचे कण असतात. मिक्सरच्या पात्याने पेशी फाटतात, पिष्ट बाहेर येते आणि बटाट्याची खळ होते, पोस्टर चिकटवायच्या लायकीची. हाताने घोटले की पेशी एकमेकींपासून सुटतात, फुटत नाहीत. अगदी गुळगुळीत हवे असेल, म्हणजे आजींसाठी किंवा बाळासाठी, तर घोटलेले मिश्रण पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. सैल करायला बटाटे उकडलेले कोमट पाणी किंवा गरम दूध थोडे थोडे घाला. थंड दूध घातले की गुठळ्या होतात.

इथपर्यंत पातेल्यात मीठ, मिरची, काहीही पडलेले नाही. आता यातून वाट्या वेगळ्या काढायच्या.

पहिली वाटी बाळाची.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचे अन्न सुरू करायचे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे. हे सगळ्यांना पाठ आहे. अडते ते ‘वरचे अन्न म्हणजे काय’ इथे. डाळीचे वरचे पाणी म्हणजे डाळ नव्हे. त्यात पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही, कारण बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि एक वर्षानंतर सुमारे ५५०. आता हिशोब पाहा. ५० ग्रॅम बटाटा आणि ५० ग्रॅम भोपळा घोटून दिला तर साधारण ५० कॅलरी झाल्या. त्यात चहाचा एक चमचा तेल किंवा तूप घातले की ४५ कॅलरी वाढल्या. एका चमच्याने वाटी जवळजवळ दुप्पट झाली, आणि बाळाला एक घासही जास्त खावा लागला नाही. मग त्यात दोन चमचे घट्ट घोटलेली मूगडाळ, किंवा उकडलेल्या अंड्याचा अर्धा पिवळा बलक कुस्करून घाला. बटाटा-भोपळ्यात प्रथिने फारच थोडी, लोहही थोडे. ती उणीव डाळ-अंडे काही प्रमाणात भरून काढतात.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. मिश्रण इतके घट्ट हवे की चमचा तिरका केला तरी लगेच ओघळू नये. आठ महिन्यांनंतर पूर्ण गुळगुळीत करत बसू नका, थोडे दाणेदार ठेवा, नाहीतर चावायला शिकायचे राहून जाते. एक वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको आणि मध तर मुळीच नको. अंडे किंवा शेंगदाणा पहिल्यांदा देताना अगदी थोडा आणि एका वेळी एकच नवा पदार्थ, म्हणजे अंगावर पुरळ उठले तर कशाने ते कळते. शेंगदाण्याचे कूट अगदी वस्त्रगाळ करून मिसळावे. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो.

रोज भोपळा-गाजर खाणाऱ्या बाळाचे तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा कधीकधी पिवळसर होतो. घाबरून गळ्यात काविळीची माळ बांधायला पळू नका. डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो पांढराच असेल तर तो भोपळ्याचा रंग आहे, काही दिवस कमी द्या, जाईल. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर ती कावीळ, आणि तेव्हाही माळेकडे नव्हे, दवाखान्यात.

घरी भोपळा दिला म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवायचा नाही. पहिला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर, एक लाख एककांचा. पुढे दीड वर्षाच्या सुमारास दोन लाखांचा आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. कार्ड काढून पाहा, किती झाले.

दुसरी वाटी आजींची. इथे जरा थांबून वाचा, कारण चूक इथेच होते.

आपल्याला वाटते, गिळायला त्रास आहे तर पातळ द्यावे, सोपे जाईल. लकव्यानंतर बऱ्याच जणांच्या बाबतीत याच्या उलट असते. पाणी, चहा, डाळीचे पाणी घशात पटकन पळते. कमजोर झालेल्या घशाला श्वासनळीचे झाकण वेळेवर बंद करता येत नाही आणि ते फुप्फुसात उतरते. ठसका लागतो तो त्यामुळे. कधी ठसकाही लागत नाही, नुसता आवाज ओला, घोगरा येतो, आणि चार दिवसांनी ताप. घरचे म्हणतात थंडीने छाती भरली. चहात बुडवलेले बिस्किट त्याहून वाईट, कारण त्यात पातळ आणि तुकडे एकदम तोंडात येतात. घट्ट, गुळगुळीत, एकसारखा घास तोंडात ताब्यात राहतो आणि सावकाश खाली जातो. घोटलेल्या बटाटा-भोपळ्याचा खरा उपयोग तो हा.

पारख सोपी आहे. चमच्यात घेऊन चमचा तिरका करा : घास एका गोळ्याने पडायला हवा. ओघळला तर पातळ, चमच्याला चिकटून बसला तर घट्ट आणि चिकट. चिकट असेल तर थोडे गरम दूध किंवा तूप घालून पुन्हा घोटा. वरून फोडणीची मोहरी, कढीपत्ता, खोबऱ्याचा कीस काही नको; तो कणच घशात अडकतो.

भरवताना आजींना ताठ बसवा, पाठीला उशा लावून. मान मागे टाकून नव्हे, हनुवटी किंचित खाली. चहाचा अर्धा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूने. गिळले का पाहा, मगच पुढचा. बोलायला लावू नका. टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास तसेच बसवून ठेवा आणि तोंडात, गालात घास राहिला नाही ना ते पाहून कापडाने पुसून घ्या. गुंगीत असताना भरवायचे नाही. भरवताना ठसका, ओला आवाज, श्वास लागणे यांतले काही झाले तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ असतात, गिळण्याची तपासणी आणि व्यायाम त्यांच्याकडे असतो. बोलणे सुधारणारे डॉक्टर म्हणून त्यांना आपण ओळखतो आणि गिळण्यासाठी त्यांच्याकडे जायचे हेच माहीत नसते. ही तपासणी झाल्याखेरीज ‘ताईंनी लेखात सांगितले’ म्हणून घास भरवू नका. काहींना सुरुवातीचे दिवस नाकातल्या नळीनेच द्यावे लागते आणि तेच बरोबर असते.

आजींच्या वाटीतही प्रथिनांची उणीव राहते. आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम तरी प्रथिने हवीत. ४५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅम. दोनशे ग्रॅम बटाटा-भोपळ्यातून मिळतात जेमतेम तीन. त्यात एक उकडलेले अंडे चाळणीतून काढून मिसळले तर सहा ग्रॅम वाढले. घट्ट वरण, चक्क्यासारखे दही, शिजवून काटे काढून वाटलेला मासा, खिम्याचे वाटण, जे घरात चालते ते मिसळा. आपल्या घरांत मांस-मासा-अंड्याचे वावडे नाही, मग आजारपणातच नेमके ते का थांबते, हे मला कळत नाही. ‘आजाऱ्याला जड’ म्हणून थांबवतात आणि माणूस हलका होत जातो. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी आपण लहानपणी ऐकली; ती लेकीकडे डाळीचे पाणी पीत बसली नसणार.

एक सांगायचे राहिले. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जी ज्येष्ठ मंडळी येतात, त्यांना शेवटी चिवडा किंवा बुंदी दिली जाते. दात नसलेल्या आज्या ती पुडी पदराला बांधून नातवंडांसाठी नेतात. एखाद्या दिवशी ही घोटलेली भाजी करून पाहायला हरकत नाही.

तिसरी वाटी घरच्या इतरांची, आणि त्यात साखर असलेला मुलगाही आला. त्याचा प्रश्न बटाटा चालतो का, हा नसून किती आणि कशाच्या बदल्यात, हा आहे. दीडशे ग्रॅमची नुसत्या बटाट्याची वाटी खाल्ली तर २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर पोटात जाते. तीच वाटी निम्मा भोपळा घालून केली तर साधारण १७ ग्रॅम. म्हणजे एक तृतीयांश कमी. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम असते. तेव्हा ही वाटी घेतली तर ताटातली अर्धी भाकरी कमी करायची, हिशोब जुळला. भोपळा जिभेला गोड लागतो म्हणून साखरेच्या माणसाला बंद, हे बरोबर नाही. त्याच्या गोडीपेक्षा त्यात पाणी कितीतरी जास्त. घारगे मात्र वेगळे, त्यात गूळ आहे, तेल आहे, ते भोपळ्याच्या नावावर खपवायचे नाहीत. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ मध्ये विवाह झाल्यानंतर डॉ. सविताबाई, आपल्या माईसाहेब, यांनी त्यांचे औषध-पथ्य सांभाळले. ज्यांच्या घरात वही, वजनकाटा आणि विचारणारे माणूस आहे, त्यांना हा आजार आटोक्यात ठेवणे जमते.

या वाटीला फोडणी : दोन चमचे तेल, जिरे, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, हळद. त्यात घोटलेले मिश्रण परतून दोन मूठ शेंगदाण्याचे कूट, कोथिंबीर, वरून लिंबू. बाळाचा आणि आजींचा वाटा आधीच काढलेला असल्याने हवे तसे झणझणीत करा. मीठ मात्र हात राखून. दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेच मीठ पुरते आणि त्यात ठेचा, पापड, लोणचे, शेंगाचटणी सगळे आले. लिंबू पिळले की मीठ कमी पडल्याचे कळत नाही.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हा लेख वाचून लगेच पातेले चढवू नये. बटाटा आणि भोपळा दोन्हींत पोटॅशियम भरपूर आहे आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवते. डॉक्टरांनी थोडा बटाटा चालेल म्हटले असेल तर त्यांची रीत उलटी : साल काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचे. डायलिसिसवर असणाऱ्यांनी आपले प्रमाण तिथल्याच डॉक्टरांना विचारावे.

शिल्लक राहिलेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोटलेला बटाटा दोन तासांत बिघडू लागतो, वास यायच्या आधीच. बाळाला आणि आजींना ताजेच. उष्ट्या चमच्याची वाटी पुन्हा ठेवायची नाही. बाकीच्यांचे उरलेले लगेच झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी चटचट गरम करून. नाहीतर त्याच संध्याकाळी ज्वारीच्या पिठात तिखट-ओवा घालून मळा आणि थालीपीठ लावा. भोपळ्याच्या मऊपणाने ते दुसऱ्या दिवशी डब्यातही वातड होत नाही.

त्या घरी मी त्या दिवशी बसूनच पातेले करून घेतले. गिळण्याची तपासणी आठवड्याने झाली, तिथे ‘घट्ट घोटलेले चालेल, पाणी सध्या दाट करून’ असे सांगितले, आणि मग आजींना पहिली वाटी मिळाली. चार-पाच चमचे नीट गिळल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, “मीठ घालाया इसरलीस व्हय गं?” सून म्हणाली, “इसरले न्हाई आत्ती, तुमच्या नातवाचं अन् तुमचं एकाच पातेल्यातलं हाय.” मग त्यांच्या वाटीत चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब घातले. बाळाची वाटी तशीच होती. बिया धुऊन पत्र्यावर वाळत टाकल्या होत्या. भाजून सोलल्या की त्या बाकीच्यांच्या तोंडात टाकायला, आणि चार उरवून ठेवायच्या, जूनमध्ये बांधावर टोचायला.